‘अधिकारदान’ची जुडी

१

बुधवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला ‘अधिकारदान’ हा शब्द नारायण पेठेतून नाहीसा झाल्याचं मैत्रीच्या लक्षात आलं.

शब्द म्हणजे त्याची जुडी. कारभार कोश मंडळात प्रत्येक शब्दाची एक जुडी असायची. पोस्टकार्डाएवढ्या जाड चिठ्ठ्या, सुती दोऱ्यानं बांधलेल्या. एकेका चिठ्ठीवर तो शब्द कुणी, कुठे, कसा वापरला त्याचं वाक्य. एखादं सरकारी ठरावातलं, एखादं ग्रामसभेत कुणी उठून तावातावानं बोललेलं. स्टेशनरीच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत अशा चाळीस हजार चिठ्ठ्या लाकडी खणांत उभ्या होत्या, आणि दोन हजार दोन सालच्या त्या फेब्रुवारीत त्या एकेक करून कॉम्प्युटरात चालल्या होत्या.

मैत्री मेश्राम इथली सगळ्यात नवी उपसंपादक. येऊन सातच महिने झालेली. घरी मुलगी दीड वर्षाची. ती झोपली की कच्च्या नोंदी लिहायच्या आणि सकाळी इथे येऊन त्या चिठ्ठ्यांशी ताडून बघायच्या, असा तिचा क्रम. वरच्यानं खालच्याला अधिकार देण्याचा हा शब्द तिच्या वाट्याला आला होता. तिनं ‘अ’चा तिसरा खण ओढला. अधिकारकक्षा होती. लगेच मागे अधिकारपत्र. मधली जुडी गायब.

कुणी नेली असती तर त्या जागी ‘जामीन’ दिसला असता. जामीन म्हणजे गुलाबी पुठ्ठ्याची पट्टी. जुडी काढणाऱ्यानं त्यावर नाव आणि तारीख घालून ती जुडीच्या जागी उभी करायची. तेवीस वर्षांचा रिवाज. जामीन नाही म्हणजे जुडी नेली नाही, चोरली.

बाकी खण मात्र देखणा होता. चिठ्ठ्या ताठ उभ्या, मागचा लाकडी टेकू त्यांना घट्ट भिडलेला. मैत्रीला त्या खणाकडे बघून काहीतरी खटकलं, पण काय ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

“पाय फुटले असतील,” सहसंपादक दत्तप्रसाद चष्मा पुसत म्हणाले. “वरून खाली जाणाराच शब्द तो. जिन्यात बघितलंत?”

“सर, आठवड्याभरात पानं छापखान्यात जायची आहेत.”

“ते मला माहीत आहे. मीच तारीख दिलीय.” त्यांनी चष्मा चढवला आणि आतल्या खोलीकडे हाक मारली, “अभिनव! या जरा इकडे.”

कॉम्प्युटरवरचा अभिनव बाहेर आला. चोवीस वर्षांचा, अमरावतीकडचा, कंत्राटी. सोमवारी तो हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होणार होता. कंपनीनं इथल्या वर्तणुकीचं पत्र मागितलं होतं, आणि त्यावर मुख्य संपादकांची सही व्हायची होती. पेढे मात्र त्यानं आधीच वाटून टाकले होते.

“परवा तुमच्याकडे कोण आलं होतं हो? इन केलेला शर्ट, हातात फ्लॉपीचा डबा?”

“मित्र होता सर. त्यांच्या कंपनीत मराठी डिक्शनरीचं सॉफ्टवेअर—” बोलता बोलता अभिनव थांबला.

“वा,” दत्तप्रसाद म्हणाले. “आम्ही तेवीस वर्षं वेचायचं आणि यांनी डब्यात घालून न्यायचं. जुडी सापडेपर्यंत तुमचं पत्र माझ्या टेबलावरून पुढे जाणार नाही. शनिवारी बाराला मी मंडळाला लेखी कळवणार. चोरी म्हणून.”

२

“मी काऊन नेईन ते?” अभिनवच्या तोंडी गावाकडची भाषा आली होती. जिन्याच्या वळणावर तो पायरीवर बसला होता. “चोर म्हणून लिहून गेलं तर ती कंपनी काय, दुसरी कोणतीच घेणार नाही. बाबांनी सगळ्या गावात सांगून टाकलं ताई.”

मैत्री भंडाऱ्याची. तिला ते ‘काऊन’ ऐकून घरच्यासारखं वाटलं, पण तेवढ्यावर कुणाला निर्दोष धरता येत नाही हेही तिला कळत होतं.

“त्या मित्राला काय दिलंस?”

“चहा. आई शप्पथ. आणि मला ती चिठ्ठी न्यायची काय गरज? फ्लॉपीच नेली असती ना, खिशात मावते.”

हे खरं होतं. मैत्री त्याच्या शेजारी बसली.

“या जुडीत वेगळं काही होतं का? आठव.”

“मजकूर तर मी अजून घेतलाच नाही. नुसती यादी केलीय. चिठ्ठी नंबर, कोण बोललं, कोणत्या तारखेला सही झाली.” तो थांबला. “हां. एक तारीख जुळत नव्हती. म्हणजे बघा, वार्षिक अहवालासाठी हजेरीपत्रक पण मीच टाईप केलं. तर एका चिठ्ठीवर मोठ्या सरांची सही आहे, आणि त्या दिवशी ते रजेवर. मी म्हटलं उद्या चिठ्ठी काढून बघतो, माझीच टायपिंग मिस्टेक असेल.”

“हे कुणाला म्हणालास?”

“सगळ्यांना. सोमवारी चहाला. तुम्ही पाळणाघरात पळाल्या होत्या. दत्तप्रसाद सर होते, चिठ्ठ्यांच्या खोलीतल्या कुसुमताई होत्या. मोठ्या सरांचं दार उघडं होतं.”

“आणि मग मंगळवारी?”

“मंगळवारी विसरलो. ऑफर लेटर आलं ना.”

त्यानं पाठीवरच्या पिशवीतून यादीचा छापील कागद काढला. अधिकारदान, एकतीस चिठ्ठ्या. सतरावी चिठ्ठी: गोदाबाई, सरपंच, तांबेमळा. सही, ११ ऑगस्ट २००१.

मुख्य संपादक रंगराव पोतनीस सहा ते वीस ऑगस्ट कोल्हापूरला मुलीकडे होते.

जुडी कुणी शब्दासाठी नेलेलीच नव्हती. नेली होती ती या तारखेसाठी.

३

दत्तप्रसादांनी तिला फार वेळ दिला नाही.

“माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर घ्या, मी नाही म्हणणार नाही. ‘अधिकारदान’ आणि ‘सोपवणूक’ या दोन नोंदी एकत्र करा, असं मी चार वेळा लिहून दिलंय. चार वेळा नकार आला. हिरव्या शाईत.” त्यांनी पानं सारखी केली. “पण जुडी पळवून पान वाचवायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. सर एप्रिलमध्ये निवृत्त होतील. मग मी रीतसर वाचवीन.”

“तारखेचं काय, सर?”

“मागची तारीख घातली असेल. या शहरात निम्म्या सह्या मागच्या तारखेच्या असतात.”

मग ती रंगरावांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. चौऱ्याहत्तरीचे रंगराव खिडकीकडे पाठ करून बसले होते. त्यांनी मान वर केली.

“कुसुमबाई?”

“मी मैत्री, सर.”

“हं, ये. बस. जुडीचं कळलं मला.”

रंगरावांची एक पद्धत सगळ्या पुण्यात ठाऊक होती. ते चिठ्ठी वाचत नसत, ऐकत. वाक्य कानाला पटलं तरच ते खरं, असं त्यांचं म्हणणं. कुसुमताई वाचायच्या, ते ऐकायचे, आणि मग चिठ्ठी हिरव्या शाईतली ‘रं.’ घेऊन बाहेर यायची.

“सर, दोन नोंदी वेगळ्या का ठेवायच्या? मला लिहायचं आहे म्हणून विचारते.”

त्यांचा चेहरा उजळला. “तू मुलीला पाळणाघरात ठेवतेस. तिथल्या बाईंना काय देतेस?”

“सोपवते मुलीला.”

“संध्याकाळी परत मागतेस. ती सोपवणूक. तिथे काही बिघडलं तरी जबाबदारी शेवटी तुझीच, आणि म्हणून वाटेल तेव्हा परत घेण्याचा हक्कही तुझा. हीच मुलगी उद्या मोठी होईल. आपलं शिक्षण, आपलं लग्न, आपणच ठरवील. तेव्हा जे तिच्याकडे जाईल ते परत मागता येणार नाही. मागितलंस तर ती हसेल. वरच्यानं खालच्याला दिलेला अधिकार या दुसऱ्या जातीचा असतो. देणाऱ्याला हे अवघड जातं. तो देतो सोपवणूक आणि भाषणात म्हणतो अधिकारदान.”

मैत्री भराभर लिहून घेत होती. घरी मुलगी आताशा चमचा हातात मागायला लागली होती, ते तिला आठवलं. मग तिनं यादीचा कागद त्यांच्यापुढे धरला.

“सर, ही तारीख एकदा बघता?”

रंगरावांनी कागद घेतला. नाकाजवळ नेला, थोडा लांब धरला.

“बघितली. छपाई फारच फिकट करतो हा मुलगा. बाकी ठीक आहे.”

त्यांनी कागद परत दिला. तो हातात घेताना मैत्रीच्या लक्षात आलं, घाईत तिनं तो उलटा पुढे केला होता. रंगरावांनी बघितली ती कागदाची कोरी बाजू होती.

४

शुक्रवारी अर्धी रजा टाकून ती बसनं हडपसरला गेली, आणि तिथून सहाआसनी रिक्षात नऊ जणांत बसून तांबेमळ्याला. गोदाबाई ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नळाच्या तोट्या मोजून घेत होत्या.

“कोशवाल्या व्हय? बसा. मागं त्या दुसऱ्या बाई आल्या व्हत्या.”

“तुमचं वाक्य लिहून घ्यायला?”

“लिहून न्हेलं व्हतं आदीच. मंग पुन्यांदा आल्या, वाचून दावाया. तुमच्यात तसंच करत्यात म्हनं.”

तसंच करत असत. वाक्य तोंडी असेल तर बोलणाऱ्याला चिठ्ठी वाचून दाखवायची, त्यानं होय म्हटलं की त्याच बैठकीत संपादकानं सही करायची. ऑफिसात परत येऊन सही केलेली मंडळात चालत नसे. पूर्वी रंगराव स्वतः एसटीनं गावोगाव फिरत ते याचसाठी.

“काय वाक्य होतं तुमचं?”

गोदाबाई खळखळून हसल्या. “म्या म्हनलं व्हतं, बाईच्या हाती कारभार दिला म्हंत्यात, आन् शिक्का सोताच्या खिशात ठिवत्यात. त्यो उपसरपंच रोज सांजच्याला शिक्का घिऊन जायाचा! आता न्हाई. आता हितं हाय.” त्यांनी कमरेच्या पिशवीवर थाप मारली.

“वाचून दाखवलं तेव्हा बरोबर साहेब होते का? म्हातारे, उंच?”

“न्हाई बया. एकल्याच व्हत्या. पावसात भिजून आल्या व्हत्या, म्या टावेल दिला. वाचलं, म्या म्हनलं व्हय, असंच बोललीया मी. मंग हिरव्या पेनानं सही केली त्येनी हितंच, ह्या ओट्यावर.” गोदाबाईंनी तोटी खाली ठेवली. “का वो? काय चुकलं का त्या बाईंचं? लई चांगल्या बोलल्या माझ्यासंगं.”

तिचा शोध संपला होता, आणि तो तिला हवा होता त्या माणसाजवळ संपला नव्हता.

५

शनिवारी ती नऊलाच आली. कुसुमताई आलेल्या होत्याच. चिठ्ठ्यांची खोली तेवीस वर्षं त्यांच्याकडे. फडक्यानं खणांच्या मुठी पुसत होत्या.

मैत्रीनं ‘अ’चा तिसरा खण ओढला.

“कुसुमताई, एक जुडी काढली की मागच्या चिठ्ठ्या काय होतात?”

“कलंडतात. मोकळ्या जागेत.”

“हो ना. बुधवारी मला हेच खटकलं होतं, पण काल घरी जाताना कळलं. इथे काहीच कलंडलेलं नव्हतं. चोरणाऱ्यानं जुडी घेतली आणि टेकू पुढे सरकवून बाकीच्या चिठ्ठ्या सरळ केल्या. अभिनवला टेकू सरकतो हेच माहीत नाही. दत्तप्रसाद सर तर खण उघडा टाकून जातात, तुम्ही मागून ढकलता. चोरी करतानासुद्धा चिठ्ठ्या वाकलेल्या बघवणार नाहीत असं या ऑफिसात एकच माणूस आहे.”

कुसुमताईंचं फडकं थांबलं.

“मी गोदाबाईंकडे जाऊन आले,” मैत्री हळू आवाजात म्हणाली. “आणि सरांना कोरा कागद दाखवला. चुकून. किती दिवस दिसत नाही त्यांना?”

खाली दुकानाचं शटर वर गेलं.

“चार वर्षं,” कुसुमताई म्हणाल्या. “काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग मधलं. ऑगस्टमध्ये कोल्हापूर नव्हतं गं, मिरजेचं हॉस्पिटल होतं. नजर परत येणार नाही हे तिथे नक्की झालं. पहिल्यांदा ते सांगायचे आणि मी सही करायचे. मग ते म्हणायला लागले, तुम्हाला काय वाटतं? मग ते म्हणेनासेच झाले.”

“आणि दत्तप्रसाद सरांना चार वेळा नकार?”

“मीच दिला.” त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी धार आली. “दोन शब्द वेगळे आहेत ते. मला माहीत असायला हवं ना.”

“अभिनवला सोमवारी रुजू व्हायचंय, ताई.”

“तेच तर. मला वाटलं, चिठ्ठीच नसली की ती तारीख कुणी ताडून बघणार नाही. आठ दिवसांत पानं छापखान्यात जातील, मग जुडी जागेवर ठेवीन, कुणाला कळणार नाही. त्या मुलावर येईल हे डोक्यातही आलं नाही. बुधवारपासून रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. पण सांगितलं की सरांचं नाव जातं. तेवीस वर्षांचं नाव. आणि माझी नोकरी.” त्या स्टुलावर बसल्या. “खोट्या सहीला मंडळ काय करील ते तूच सांग.”

मैत्री त्यांच्यासमोर उकिडवी बसली, लहान मुलाशी बोलायला बसतात तशी.

“बाराला दत्तप्रसाद सर पत्र लिहिणार. त्याआधी मला बोलावंच लागेल. पण तुम्ही बोललात तर मी एक अक्षर बोलणार नाही.”

कुसुमताई उठल्या. बाद झालेल्या शब्दांचा सगळ्यात खालचा खण त्यांनी ओढला. जुडी तिथे होती, दोरा नीट बांधलेला. फेकून द्यायचं त्यांच्या हाताला जमलंच नव्हतं.

“सर आले का बघ,” त्या म्हणाल्या.

६

पावणेबाराला रंगरावांच्या खोलीत पाच माणसं होती. अभिनव दाराला टेकून, कोऱ्या चेहऱ्यानं. कुसुमताईंनी जुडी टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता. चार वर्षं, अकराशे चिठ्ठ्या, मिरज, टेकू.

दत्तप्रसादांनी चष्मा काढला.

“म्हणजे मला नकार देत होता तो... कारकून?” मग त्यांचा आवाज चढला. “अकराशे खोट्या सह्या! आता अख्खा खंड बाद करावा लागेल. बाई, तुम्ही काय केलंत कळतंय का तुम्हाला? अधिकार कुणी दिला होता तुम्हाला?”

“मी,” रंगराव म्हणाले.

“सर, तुम्ही फार तर सोपवला असेल. सही करायला सांगितली असेल. निर्णय घ्यायला नाही.”

“दत्तप्रसाद, तुम्हाला या दोन शब्दांतला फरक मान्य नाही ना? आता मान्य व्हायला लागलाय, छान.” रंगरावांनी टेबलावर हात फिरवून जुडी शोधली आणि तिच्यावर तळवा ठेवला. “सोपवलेलं परत मागता येतं. चार वर्षांत मी एकदाही मागितलं नाही. यांचा एक निर्णय बदलला नाही, कारण बदलावासा वाटला नाही. पहिल्या वर्षी मी ताडून बघायचो, त्या काय ठरवतात आणि मी काय ठरवलं असतं. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की त्यांचं बरोबर येतंय आणि माझं जुनं झालंय. त्या दिवशी मी उठून जायला हवं होतं.”

“सर, नका,” कुसुमताई म्हणाल्या.

“बोलू द्या. दत्तप्रसाद, सह्या खोट्या नव्हत्या. नाव खोटं होतं. काम त्यांच्याकडे गेलं, डोकं त्यांचं लागलं, पावसात भिजल्या त्या. आणि कागदावर नाव माझं. ते मी ठेवून घेतलं, मला सोडवेना म्हणून. तुम्हाला मंडळाला चोरी कळवायचीच आहे ना? मग ही कळवा. अकराशे वेळा. चोराचं नाव रंगराव पोतनीस.”

अभिनवनं दारावरून पाठ काढली आणि तो सरळ उभा राहिला.

“हे सगळं तोंडी आहे,” शेवटी दत्तप्रसाद म्हणाले, पण त्यात नेहमीची खुमारी नव्हती. “मंडळ लेखी मागतं.”

“मंडळाच्या घटनेत कलम नऊ आहे. मीच लिहिलंय ते, तेव्हा डोळे होते. मुख्य संपादक आपला अधिकार मंडळातल्या कुणालाही कायमचा देऊ शकतो, बैठकीत फक्त नोंद करायची. मैत्री, लिहून घे. आजच्या तारखेनं. मागच्या नको.”

मैत्रीनं लिहिलं. पाच ओळी. वाचून दाखवल्या. रंगरावांनी तिनं दाखवलेल्या जागी बोट ठेवलं आणि बोटाशेजारी सही केली. ती वाकडी आली, दोन ओळींवर चढली, पण त्यांची स्वतःची होती.

“कुसुमबाई, मान्य आहे का तुम्हाला? विचारायचं राहिलंच. तेही चार वर्षं राहिलंय.”

कुसुमताईंनी पदर सारखा केला. “मान्य आहे. पण मागच्या अकराशे चिठ्ठ्यांवर मी शेरा घालणार. कुणी ठरवलं ते खरं खरं. मग मंडळाला काय करायचं ते करू दे.”

“घाला.”

“आणि अभिनव, तुझी माफी मागते मी. चार दिवस तुला चोर होऊ दिलं. पत्र कुठे आहे त्याचं?”

पत्र दत्तप्रसादांच्या टेबलावर होतं. ते त्यांनाच उठून आणावं लागलं. कुसुमताईंनी ते सावकाश वाचलं, ‘वर्तणूक समाधानकारक’ खोडायला लावून ‘उत्तम’ करायला सांगितलं, आणि नव्या कागदावर आपलं पूर्ण नाव लिहिलं. अभिनव कागद हातात घेऊन वाकला तो थेट त्यांच्या पायांपर्यंत. मग “बाबांना फोन लावून येतो” म्हणत तीन-तीन पायऱ्या उतरत खाली कोपऱ्यावरच्या बूथकडे पळाला. रंगराव त्याच्या पावलांचा आवाज रस्त्यावर पोचेपर्यंत ऐकत राहिले.

मैत्री नोंद लिहायला बसली. दीड वाजत आला होता आणि आज पाळणाघर अर्धाच दिवस होतं.

दत्तप्रसाद बराच वेळ आपल्या जागी काहीतरी लिहीत होते. मग ते उठले, नेहमीच्या सवयीनं रंगरावांच्या खोलीकडे चार पावलं गेले, तिथेच घुटमळले आणि वळून चिठ्ठ्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“अहो कुसुमताई... बुधवारी भाचीचं लग्न आहे, कात्रजला. एक दिवसाची रजा हवी होती. अर्ज आणलाय.”

कुसुमताईंनी खणातून डोकं वर काढलं नाही.

“ठेवा तिथे,” त्या म्हणाल्या. “बघते.”